काळी, फिकी आणि कानपिळी

मी माझ्या मेहुण्याचा कान पिळला, यात माझा काडीचाही दोष नव्हता.

लग्नात नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, ही आपली रीतच आहे. भावानं कान पिळून "माझ्या बहिणीला नीट सांभाळ" अशी समज द्यायची आणि नवऱ्याकडच्यांनी त्याला कापड देऊन त्याचा मान करायचा. आता हा कान सगळं जग नुसता धरल्यासारखं करतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! माझी एकच बहीण, कुसुम. तिचं एकच लग्न. म्हणजे जन्मात कान पिळायची संधी एकदाच. त्यातून आमच्या कचेरीतला पटले माझ्या मागे उभा राहून फुसफुसत होता, "पीळ, मधू, पीळ! नवऱ्या पोट्ट्याले जनमभर याद राह्यली पाह्यजे!"

मी पिळला. मन लावून पिळला.

भटजींच्या पुढ्यात लाउडस्पीकरचं बोलायचं बोंडकं ठेवलेलं होतं (ही हौस माझीच!). त्यामुळे नवरदेवांनी, म्हणजे वसंतरावांनी, ठोकलेलं "आई गंऽऽ!" पार वैनगंगेच्या घाटापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. लग्नाच्या फोटोत त्यांचा डावा कान उजव्यापेक्षा मोठा दिसतो. मला मानाचं म्हणून टेरिलीनचं शर्टपीस मिळालं. त्याचा शर्ट शिवून मी कचेरीत मिरवला आणि हे प्रकरण माझ्यापुरतं संपलं.

पण ते संपलं नव्हतं. पहिल्या दिवाळसणाला नागपूरहून जावई आले नाहीत. म्हणे, कचेरीत काम निघालं. संक्रांतीला पुन्हा काम निघालं. होळीलाही निघालं! तिकडे रीत अशी की जावई आल्याशिवाय सून माहेरी पाठवायची नाही. आई रोज संध्याकाळी दिवा लावताना डोळ्यांना पदर लावायची आणि बाबूजी माझ्याकडे न बघता तुळशीला सांगायचे, "पोरीचं माहेर बंद झालं. भावाच्या हातानं झालं." मी दुसऱ्या दारानं बाहेर पडायचो. झोपलो की उठून बसायचो, आणि कोणाचाही कान दिसला की मी आपोआप हात खिशात घालायचो.

आणि मग जेठात अधिक महिना आला.

अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, अनारसे द्यायचे, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. या महिन्यात जावई सासरी गेला नाही तर लोक त्याच्या घराला नावं ठेवतात. म्हणून कुसुमच्या सासूनं मनावर घेतलं. कुसुमला तिच्या दिरानं चार दिवस आधी आणून सोडलं आणि वसंतराव रविवारी छोट्या लायनीच्या गाडीनं गोंदियावरून येणार असं ठरलं. घरात आनंदीआनंद झाला. कुसुमनं मात्र मला पडवीत गाठलं.

"दादा, एक सांगतो तुले. हे मोठ्या मुश्किलीनं येऊन राह्यले. आता जर काही झालं ना, तं मले पुन्हा कोनी पाठवनार नाही."

"नाही होत काही. त्यायले खूश करू आपन. काय आवडते त्यायले?"

तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "बीअर," ती म्हणाली.

मी आधी पडवीचं दार लोटून घेतलं.

"ट्रेनिंगले बंगलोरले होते ना, तठी पेत होते. आता नागपुरात दारूबंदी. भेटत नाही. मोठा उसासा टाकते कधी कधी."

"पन कोनती बीअर?"

"मले काय मालूम! बीअर म्हनजे बीअर. थंड पाह्यजे म्हनत होते."

इथे आमच्या घराची अडचण सांगायला हवी. महाराष्ट्र नुकताच झाला होता. नागपूर-गोंदिया तिकडे गेलं, आमचं बालाघाट इकडे मध्य प्रदेशात राहिलं. तिकडे बंदी, इकडे उघडी दुकानं. त्यामुळे बालाघाटातल्या एकेका मराठी घराला तिकडच्या मावसभाऊ-चुलतभावांचं असं काही प्रेम उफाळून आलं होतं, की दर रविवारी स्टेशनावर पाहुण्यांची रांग! फक्त आमच्याकडे कोणी फिरकत नसे. कारण आमचे बाबूजी आबकारीचे निवृत्त दरोगा. बैहरच्या जंगलात मोहाच्या भट्ट्या मोडण्यात त्यांची उमर गेली होती. घरात दारूचं नाव काढायची टाप नव्हती. खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा ते आधी उजेडात धरून बघत. त्यांच्या नाकाखालून बीअर न्यायची होती, तीही थंड करून.

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मी पटलेला गाठलं.

पटलेचा काका मोहाची काढायचा (म्हणजे बाबूजींनी दोनदा त्याच्या भट्ट्या फोडल्या होत्या), म्हणून पटले स्वतःला या विषयातला जाणकार समजत असे. "काही घबरावू नको जी," तो म्हणाला. "दारू म्हनजे दारू. पारख एकच. आगीत टाकाची. भडकली तं अस्सल, नाही भडकली तं पानी."

स्टेशनाजवळ विलायती दारूचं दुकान होतं. भर दुपारी उन्हाच्या झळांची लू चालू असताना, डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळून, डोळे तेवढे उघडे ठेवून मी आत शिरलो. दुकानदार उठून उभा राहिला.

"अरे, दरोगाजी के बेटे! आइए, आइए!"

मी दुपट्टा काढून टाकला. तसंही फार उकडत होतं.

"बीअर पाहिजे," मी म्हणालो.

"कौन सी?"

पुन्हा तोच प्रश्न! मला वाटलं होतं बीअर एकच असते. पण मँगनीजच्या खाणींवरचे साहेब लोक या दुकानाचं गिऱ्हाईक होतं, आणि साहेबाला एका गोष्टीत समाधान नसतं. दुकानदारानं माझ्यासमोर बाटल्या मांडल्या. ही लागर: फिकी, हलकी, कोणालाही चालते. ही पिल्सनर: रंगानं तशीच, पण जास्त कडू. ही एल: तांबूस, जरा भारी. आणि ही स्टाउट: काळी.

"यातली चांगली कोणती?"

"जो पीनेवाले को अच्छी लगे, वही अच्छी. किसके लिए है?"

"जावयासाठी."

"तो दामादजी से पूछ लीजिए ना!"

आता याला काय सांगू! ज्या माणसाचा कान आपण पिळलाय आणि जो वर्षभर आपल्याशी बोललेला नाही, त्याला कोणत्या तोंडानं विचारायचं, की बाबा रे, तुला फिकी आवडते की काळी? मी चारही बाटल्या घेतल्या, पिशवीत वर कोथिंबीर ठेवली आणि लू अंगावर घेत घरी आलो. उन्हानं बाटल्या चहासारख्या तापल्या होत्या.

आई आणि कुसुम देवळात अधिक महिन्याची पोथी ऐकायला गेल्या होत्या. बाबूजी पुढच्या खोलीत घोरत होते. मी आणि पटले मागच्या पडवीत चुलीपाशी बसलो. चुलीत निखारे होते, वर दुधाचं पातेलं होतं. झाकण काढायला काही मिळेना, तेव्हा पटलेनं पहिली बाटली दाराच्या कोयंड्यात अडकवली आणि हिसडा दिला.

फस्सऽऽ!

बीअरला उन्हाचा राग येतो हे आम्हांला ठाऊक नव्हतं. फेस उडाला तो थेट कौलांना लागला आणि तिथून खाली, आईनं सुपात वाळत घातलेल्या सांडग्यांवर. मी सूप उचलायला धावलो, पटले बाटलीवर अंगठा दाबून उभा राहिला, आणि त्याच्या अंगठ्याच्या फटीतून निघालेली धार माझ्या टेरिलीनच्या शर्टावर बसली.

"हौ, जोर तं आहे हिच्यात!" पटले म्हणाला. "आता आगीत टाकून पाहू."

टाकली. निखारा चुर्र करून विझला.

"नकली!" पटले ओरडला.

पिल्सनर टाकली. दुसरा निखारा विझला. एल टाकली, तिसरा विझला. आता चुलीत एकच धगधगता कोपरा उरला होता. त्यावर काळी ओतली. असा धूर उठला, असा धूर उठला, की क्षणभर मला पटले दिसेना आणि पटलेला मी! धूर निवळला तेव्हा राखेचा थर दुधावर साईसारखा बसला होता.

"हे घे!" पटले डोळे पुसत म्हणाला. "सगळ्यायत जास्त धूर काळीनं काढला. म्हनजे सगळ्यायत कडक तेच! जवायाले काळी दे."

"पन त्यायले आवडन का?"

"मंग चाखून पाय ना!"

आता आलो होतोच इथवर, तर चाखल्या. लागर मला भिजवलेल्या जवाच्या पाण्यासारखी लागली. वाईट नव्हती, उन्हाळ्यात थंड मिळाली तर माणूस नाही म्हणणार नाही. पिल्सनर म्हणजे त्याच पाण्यात कडुलिंबाची काडी ढवळलेली. एलला काकवीची किंचित चव होती आणि मला ती बरी वाटू लागली होती, तेवढ्यात काळी तोंडात गेली. करपलेल्या भाकरीचा काढा! पण घशाखाली उतरल्यावर मागे कॉफीसारखं काहीतरी रेंगाळलं. मी गोंधळलो. मघाशी एक प्रश्न होता, आता चार झाले. फिकी द्यावी तर जावयाला वाटेल पाणी पाजलं. काळी द्यावी तर वाटेल पुन्हा छळलं. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो.

आणि पुढच्या दाराची कडी वाजली. आई आणि कुसुम परत आल्या होत्या!

तीन बाटल्या आम्ही चटकन मोरीत रिकाम्या केल्या. काळी मात्र अर्धी भरलेली होती आणि "सगळ्यायत कडक चीज फेकाची नाही जी!" म्हणून पटले ती सोडेना. कोनाड्यात बाबूजींच्या काढ्याची बाटली होती. वैद्यानं पोटासाठी दिलेला चिरायत्याचा काढा. काळा, कडू, आणि बाबूजींशिवाय त्याला कोणी हात लावत नसे. पटलेनं काढा एका रिकाम्या पातेल्यात ओतला, बीअर काढ्याच्या बाटलीत भरली, आणि काढा बीअरच्या बाटलीत. वरून तेच झाकण लाटण्यानं ठोकून बसवलं.

"उद्या पुन्हा अदलाबदल करून घेऊ," तो म्हणाला आणि मागच्या दारानं पसार झाला. काढा भरलेल्या बीअरच्या बाटलीच्या कागदावर मी खुणेची फुली मारली आणि ती तांदळाच्या कोठीत पुरली; बीअर भरलेली काढ्याची बाटली कोनाड्यात परत गेली.

"मधू, हा धूर कायचा?" आईनं विचारलं.

"डास झाले होते."

"दुपारी?"

मी सांडगे फडक्यानं पुसू लागलो.

बाबूजी त्या संध्याकाळी रोजच्या वेळेआधीच उठले आणि त्यांनी काढा मागितला. रोज ते दोन चमचे घेत, तेसुद्धा डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन. "बाबूजी, आज काढा नका घेऊ," असं म्हणायला तोंड उघडलं, पण कारण काय सांगायचं? त्यांनी चमचा तोंडात घातला. थांबले. दुसरा चमचा घेतला. पुन्हा थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वैद्यानं औषध बदललं काय रे?"

"ह... हौ. नवी जडीबुटी आहे म्हने."

"बैहरकडची असन," बाबूजी म्हणाले. "वाटी आन."

त्यांनी वाटीभर काढा घेतला. मग आणखी अर्धी वाटी. मग आईला जवळ बसवून स्वतःच्या लग्नातल्या गोष्टी सांगू लागले, आणि सांगता सांगता हसले! आई घाबरून माझ्याकडे धावत आली. "मधू, वैद्याले बलाव! ह्यायले काहीतरी होऊन राह्यलं!"

सकाळी बाबूजींचा हुकूम झाला. "काढा संपला. तोच आनजो. दुसरा आनशील तं याद राख."

पुन्हा दुपट्टा, पुन्हा लू, पुन्हा दुकान! या वेळी दोन काळ्या घेतल्या: एक बाबूजींच्या काढ्याला आणि एक जावयाला. पायरी उतरलो आणि मला शंका आली. परत फिरलो, एक फिकीही घेतली. रस्त्यात वाटलं पिल्सनरच बरी होती. पुन्हा मागे वळलो, पण दुकानदार माझ्याकडे बघून ज्या दयेनं हसला ती बघून तसाच घरी आलो.

एक काळी कोनाड्यातल्या बाटलीत ओतून टाकली. आता दोन बाटल्या थंड करायच्या होत्या आणि आमच्याकडे थंड म्हणजे एकच जागा, मागची विहीर. तेवढ्यात आईनं धोंड्याच्या जेवणासाठी तांदळाची कोठी उघडायला घेतली! मी झेप घेऊन आतली पुरलेली बाटली काढली आणि तिघींना एका गोणपाटात बांधून दोरानं विहिरीत सोडलं. त्या दोराशी मी दिवसभरात किती खेपा घातल्या ते विचारू नका. कुसुमला वाटलं मला विहिरीत जीव द्यायचाय. तिनं दोन वेळा माझी समजूत घातली.

रविवारी छोटी गाडी नेहमीसारखी उशिरा आली. वसंतराव उतरले, मला नमस्कार केला आणि घरापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. बैठकीत त्यांनी खुर्ची अशी ओढून घेतली की डावा कान भिंतीला टेकला. मी सरबत घेऊन त्या बाजूनं गेलो तर ते खुर्चीसकट आणखी सरकले. आईनं कपाळाला हात लावला. कुसुमनं स्वयंपाकघराच्या दारातून मला डोळ्यांनी खुणावलं: आता तरी काही कर!

"जवाईबापू," मी म्हणालो, "मागं फणसाचं झाड आहे. पाहाले चला."

फणस पाहण्यात त्यांना रस नव्हता, पण पाहुणा माणूस, आले बिचारे. विहिरीच्या आडोशाला मी पाटावर त्यांना बसवलं, दोर ओढला, गोणपाट वर आलं. बाटल्या बर्फासारख्या थंड! आणि तिन्ही उघड्याबोडक्या. दिवसभराच्या पाण्यानं कागद सुटून विहिरीत गेले होते, आणि त्यांच्याबरोबर माझी खुणेची फुलीही. मी एकेक बाटली उजेडात धरली. एक फिकी, तिला बाजूला ठेवलं. दोन काळ्या. त्यातली एक अंदाजानं उचलली.

वसंतरावांचा चेहरा प्रथमच उजळला. "बीअर?" ते म्हणाले. एका वर्षात मला उद्देशून त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुमच्यासाठीच. काळी. सगळ्यायत कडक. हिनंच सगळ्यायत जास्त धूर काढला."

"धूर?"

"प्या तुम्ही, प्या!"

तापलेल्या घशाच्या माणसानं घ्यावा तसा त्यांनी मोठा घोट घेतला. आणि त्यांचा चेहरा असा फिरला, की लग्नातला फोटो त्यापुढे बरा!

"हे... हे काय आहे?"

"बीअर. पहिल्यांदा कडूच लागते. दुसऱ्या घोटाले बरी वाटते."

आपल्याकडे जावयाला आग्रह करायची रीत आहे. तो नाही म्हणतो ते भिडस्तपणानं, हे आम्हांला लहानपणापासून शिकवलेलं. ते नको म्हणाले, मी पेला भरला. ते दोन्ही हातांनी नको म्हणाले, मी "माह्या गळ्याची शपथ" घातली. सासुरवाडीची शपथ मोडायची कशी? बिचाऱ्यांनी डोळे मिटून दुसरा पेला संपवला, आणि उठून उभे राहिले तेव्हा त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

"कुसुम!" ते घराकडे बघून ओरडले. "सामान बांध! तीनच्या गाडीनं निघायचं. एकदा कान झाला, आता पोट! तिसऱ्यांदा काय करतील देव जाणे!"

कुसुम पदर खोचून धावत आली. "काय झालं?"

"तुझ्या भावानं मला विष पाजलं!"

"दादा!" कुसुमनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विहिरीच्या काठावर बसलो. आई मागून आली ती रडतच. पोरीचं माहेर माझ्या दोन्ही हातांनी, पहिल्यांदा उजव्यानं आणि आता डाव्यानं, मी कायमचं बंद केलं होतं. काय करावं ते सुचेना म्हणून मी बाटलीतलं उरलेलं स्वतः तोंडाला लावलं.

चिरायता! शुद्ध, वैद्यानं दिलेला चिरायता!

"अरे देवा, हा तं बाबूजींचा काढा!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय गडबड आहे?" मागच्या दारात बाबूजी उभे होते. हातात काढ्याची वाटी. मुद्रा एकदम प्रसन्न! त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मग जावयाकडे. "जवाईबापू, असं उपाशीपोटी रागावू नये. आमच्या वैद्याचा काढा घ्या. जिवाले थंड वाटते."

"नको मामाजी! आत्ताच..."

"माह्या गळ्याची शपथ."

वसंतरावांनी माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकली, वाटी ओठांना लावली, आणि थांबले. पुन्हा एक घोट घेतला. वाटी डोळ्यांसमोर धरून फेस पाहिला. मग बाबूजींच्या तोंडाकडे पाहिलं. बाबूजी मिशीत हसत होते.

"मामाजी, हे तर..."

"स्टाउट," बाबूजी शांतपणे म्हणाले. "कोमट आहे, पन माल चांगला आहे."

मला वाटलं विहिरीनं मला पोटात घ्यावं.

"बाबूजी! तुमाले मालूम होतं?"

"अरे गधड्या, आबकारीत उमर गेली माही! साहेबायचे परवाने तपासाले जात होतो. नाकानं वास घेऊन सांगत होतो कोनत्या पिंपातली आहे. पहिल्याच चमच्याले समजलं." ते जावयाकडे वळले. "मी म्हटलं पोरगा बिघडला का काय. मंग हा दोरापाशी फेऱ्या मारताना पाह्यला, तवा समजलं तुमच्यासाठी धडपडून राह्यला. मले एका शब्दानं विचारलं असतं, तं मीच सांगतलं असतं."

दिव्याखाली अंधार तो हाच! चूल विझवली, दूध नासवलं, लू अंगावर घेतली, आणि जाणकार माणूस पुढच्या खोलीत घोरत होता.

वसंतराव आता हसायला लागले होते. आधी हळू, मग मोठ्यानं, मग पोट धरून (ते तसंही दुखत असणार). हसणं आवरल्यावर ते माझ्याजवळ येऊन काठावर बसले.

"दादा, एक सांगू? मी रुसलो नव्हतो. लाजलो होतो. त्या लाउडस्पीकरवर मी जे ओरडलो, ते नागपूरच्या वऱ्हाडानं अख्ख्या ऑफिसात सांगितलं. अजून लोक मला बघून 'आई गं' म्हणतात. म्हटलं, बालाघाटात तर अख्खं गाव ओळखत असेल. कोणत्या तोंडानं यावं?"

मी वर्षभर तेच म्हणत होतो, कोणत्या तोंडानं विचारावं! मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

"आता तरी विचार ना त्यायले," कुसुम डोळे पुसत म्हणाली. "कोनती आवडते ते!"

"कोनती आवडते जी तुमाले?" मी विचारलं.

"फिकी," वसंतराव म्हणाले. "साधी, हलकी, थंडगार. काळी मला सोसत नाही. काळी मामाजींना शोभते."

फिकी शेजारीच, बाजूला ठेवलेली होती! ती बाबूजींनी स्वतः उघडली, जावयाच्या पेल्यात तिरकी धरून अलगद ओतली, एक थेंब फेस वाया गेला नाही. मग ते जावयाला म्हणाले, "जवाईबापू, आता एक काम करा. ह्याचा कान पिळा."

"बाबूजी!"

"रीत आहे. त्यानं पिळला, आता तुमी पिळा. फिटंफाट."

वसंतरावांनी पेला खाली ठेवला, हात पुसले आणि माझा डावा कान धरला. नुसता धरला असं मी म्हणणार नाही. मन लावून पिळला! माझं "आई गंऽऽ" लाउडस्पीकरशिवायच शेजारच्या आळीत ऐकू गेलं.

"आणि माझा मान?" ते म्हणाले. "कान पिळणाऱ्याला कापड द्यायचं असतं ना?"

कुसुमनं टाळी वाजवली. "दादा, शर्ट!"

मी अंगातला टेरिलीनचा शर्ट काढून दिला, बीअरच्या डागासकट. धोंड्याच्या जेवणाला सगळा गाव जमला तेव्हा जावई पंगतीत माझा शर्ट घालून बसले होते, आणि मी बनियनवर धोंडे वाढत होतो. सांडगे सगळ्यांना फार आवडले. आईला पाच जणींनी कृती विचारली.

कुसुमचं माहेर त्यानंतर असं उघडलं, की दर सुटीत मला पडवीत झोपावं लागे. विहिरीच्या दोराला कायमचं गोणपाट बांधलेलं असे: एका बाजूला काळी, दुसऱ्या बाजूला फिकी. मला मात्र चारही प्रकार चाखून एवढंच कळलं, की मला आवडतं ते कैरीचं पन्हं. तरीही आजसुद्धा बीअर घ्यायची म्हटलं की लोक माझ्याकडे येतात; मी त्यातला जाणकार असल्याची अफवा पटलेनं गावभर पसरवली आहे. मी रंग सांगतो, कडूपणा सांगतो, कशात फेस किती ते सांगतो, आणि शेवटी सांगतो, ज्याला प्यायची आहे त्यालाच एकदा विचारून घ्या. हे सगळं सांगताना मी खुर्ची थोडी सरकवून बसतो, डावा कान भिंतीला टेकवून.